लाजरी शिळा

अमरावतीला सरकारच्या प्रसिद्धीच्या कचेरीत मी टंकलेखिका म्हणून लागले, त्याला सात-आठ महिने झाले असतील. साहेब हाताने लिहीत आणि मी ते मराठी टाइपरायटरवर उतरवून काढी. यंत्र जुनं होतं. त्याचा 'ळ' उठत नसे, म्हणून कागद बाहेर काढल्यावर मी टाकाने शाईचे ळ भरत बसे. साहेब पुण्याकडचे. माणूस सज्जन, वेळेवर येणारा, कुणावर आवाज न चढवणारा. फक्त वऱ्हाडातली बोली त्यांच्या कानाला टोचायची. शिपाई दारातून "साहेब, तुमाले बलावून राहिले" म्हणाला की ते क्षणभर डोळे मिटून घेत आणि मग उठत.

राज्य नवीन झालेलं होतं आणि वरून रोज काही ना काही पत्रं येत. त्यातलं एक चिखलदऱ्याविषयी होतं. तिथे प्रवासी यावेत यासाठी माहितीपुस्तिका काढावी आणि वाटाड्या देऊन एखादी सहल सुरू करावी, असा त्याचा मतलब. साहेबांना ते काम मनापासून आवडलं. एरवी त्यांना खतांची आणि टोळधाडीची पत्रकं लिहावी लागत. त्यांनी चौकशी केली तेव्हा वनखात्याच्या कुणीतरी सांगितलं की विश्रामगृहापासून काही अंतरावर जंगलात एक मोठा कातळ आहे, कोरकू लोक त्याला मानतात, आणि सूर्य मावळताना तो तांबडाभडक होतो. साहेब म्हणाले, "लोक महाबळेश्वरला सूर्यास्त बघायला जातात. मग इथे का येऊ नयेत?"

डिसेंबरात आम्ही जीपने गेलो. साहेब, ड्रायव्हर आणि टिपणं घ्यायला मी. परतवाड्याला चहा झाला आणि घाट चढून दुपारी पोचलो. विश्रामगृहाच्या खानसाम्याने आमच्यासाठी एक माणूस बोलावून ठेवला होता. चाळिशीतला, बुटका, काटक कोरकू. वनखात्याच्या कामावर हंगामी मजूर होता. अंगात खाकी शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत धोतर. घरी तो त्याच्या भाषेत बोले, पण बाहेरच्यांशी आमच्यासारखीच वऱ्हाडी बोले, मध्ये मध्ये हिंदी घालून.

चार वाजता निघालो. जीप रस्त्यावर सोडून पाऊण मैल चालायचं होतं. वाटेने तो माणूस न विचारता सगळं सांगत होता. अस्वलाने मधासाठी ओरबाडलेलं झाड, कुठल्या पानांच्या पत्रावळी होतात, कुठल्या ओढ्याचं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. साहेब म्हणत, "लिहा, लिहा," आणि मी चालता चालता लिहीत होते. मग एका वाकड्या सागापाशी तो थांबला.

"इथं पायतण काढा."

साहेबांनी बूट काढले. लेस सोडायला वेळ लागला, तोवर तो शांत उभा होता. पुढे साठ-सत्तर पावलांवर झाडी संपली आणि समोर तो कातळ आला. दोन मजली घराएवढा उंच असावा. अंगाने गोलसर, वरून जरासा खचलेला. भोवती गवत होतं आणि एकही पायवाट त्याच्यापर्यंत जात नव्हती. आमच्या आणि त्याच्या मध्ये दगडांची एक बुटकी ओळ होती.

"इथवर," तो म्हणाला. "याच्या पुढं आमीबी जात नाई. बोट दाखवू नका. पाहाचं असन त पाहा."

आम्ही पाहिलं. ऊन उतरत गेलं तसा कातळ आधी करडा, मग विटकरी, आणि शेवटी काही मिनिटं फुललेल्या पळसासारखा झाला. मग रंग खालून वर असा निघून गेला, कुणी ओढून घेतल्यासारखा. मला थंडी वाजत होती आणि अनवाणी पायांखाली खडे टोचत होते, हे मला त्या रंगाइतकंच आठवतं.

साहेबांनी विचारलं, "ह्याची गोष्ट काय आहे?"

"हाये."

"ती सांगा ना."

"सांगत नाई."

"का बरं?"

"सांगाची नसते ते."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"माईत हाये," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. दुकानदार 'हा माल विकायचा नाही' म्हणतो तसं ते होतं. साहेब हसले. परतीच्या वाटेवर त्यांनी मला तोंडी मजकूर दिला आणि त्यात शेवटी सांगितलं, "लिहा, दंतकथा उपलब्ध नाही."

पण दंतकथेवाचून पुस्तिका निघणं साहेबांना पटेना. अमरावतीला परतल्यावर दोन दिवस ते खिडकीकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे चार पानं ठेवली. गवळी राजाची एक कन्या होती. तिचं एका शिकाऱ्यावर मन बसलं. शिकारी वाघाच्या मागे गेला तो आला नाही. ती रोज मावळतीकडे तोंड करून त्याची प्रतीक्षा करी, आणि अखेर वनदेवतेने दया येऊन तिची शिळा केली. अजूनही सूर्य मावळताना तिला प्रियकराची चाहूल लागते आणि ती लाजून आरक्त होते. नाव दिलं होतं 'लाजरी शिळा'.

त्या चार पानांत शिळा हा शब्द बावीस वेळा होता. ळ भरता भरता मी मोजला होता.

"कसं वाटलं?" साहेबांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं. छान होतंच. त्यांची भाषा चांगली होती.

"आता हे त्या माणसाकडून पाठ करून घ्यायचं. शुद्ध मराठीत. तुम्ही चार दिवस जा. तुम्ही इकडच्याच आहात, तुम्हाला त्याचं बोलणं कळतं."

अकोल्याला बाबांना विचारलं. ते जठारपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांचं मत मोजकं असे. त्यांनी पोस्टकार्ड पाठवलं: "सरकारी काम आहे. राहण्याची सोय बाईमाणसाकडे असेल तर जावे." चिखलदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. कायम एकट्या राहिलेल्या, मोठ्याने बोलणाऱ्या. त्यांच्याकडे माझी सोय झाली.

तो रोज सकाळी नऊला विश्रामगृहाच्या व्हरांड्यात येई आणि पायरीवर बसे. खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणे, "इथं बरं हाये." त्याला वाचता येत नव्हतं. मी एक वाक्य म्हणायचं, मग त्याने. मला वाटलं होतं चार दिवस पुरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पहिलं पान न अडखळता म्हणून दाखवलं. 'प्रतीक्षा' तेवढी 'परतिक्षा' होई आणि 'आरक्त' म्हणताना तो जरा थांबून श्वास घेई.

"आरक्त म्हंजे काय?" त्याने विचारलं.

"लाल."

"मंग लाल काहून नाई म्हनत?"

"साहेबांना आवडतं म्हणून."

त्याने मान हलवली आणि पुन्हा 'आरक्त' म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सगळं पाठ झालं. मी कागद मिटून ठेवले. मला बरं वाटत नव्हतं. माझ्यासमोर एक माणूस त्याच्या देवाविषयी पुण्याच्या साहेबांनी मनाने रचलेली गोष्ट घडाघडा म्हणत होता, आणि ती त्याला शिकवली होती मी. मी म्हटलं, "भाऊ, एक सांगू का? हे काही खरं नाही. साहेबांनी बसल्या जागी लिहिलंय. तुम्हाला राग आला असेल तर मी त्यांना तसं सांगते."

तो म्हणाला, "राग काहून येईन? खरं नाई म्हनूनच त शिकून राहिलो, बाई. खरं असतं त म्या कोनाले सांगितलं असतं काय?"

मी कागद पिशवीत घातले. तो पुढे म्हणाला,

"लोक येतीन त काईतरी इचारतीन. नाई सांगितलं त खोदून खोदून इचारतीन. मंग एखादा आमच्यातलाच बोलून जाईन. हे बरं हाये. हे तुमचं हाये. हे कोनालेबी सांगता येते."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुमचा देव कोनता?"

"आमच्या घरी आता देव नाहीत," मी म्हटलं. मग त्याला सांगावं लागलं. छप्पन्न साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातले सगळे देव एका धडप्यात बांधले. मरीआईचा शेंदूर लावलेला दगड, खंडोबाचा टाक, आणखी दोन-तीन. आणि मोर्णेवर नेऊन पाण्यात सोडले. मीही बरोबर होते. आई आली नव्हती, ती घरात भांडी घासत होती आणि आम्ही परत आलो तेव्हाही तीच भांडी घासत होती.

"मंग? देवायनं काई केलं नाई?"

"नाही. पुढच्याच उन्हाळ्यात मी मॅट्रिक झाले. चांगले मार्क पडले."

मला वाटलं आता हा उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही.

"त्यायले तुमच्या बाबानं सोताच्या हातानं नेलं न?"

"हो."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला. "ज्याचा देव त्यानं नेला. दुसऱ्यानं येऊन पाय ठेवला असता त वेगळं होतं."

नर्सबाईंना मी संध्याकाळी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो शहाणा आहे. माझ्याकडे औषध घेतो आणि भूमक्याकडेही जातो. भूमका म्हणजे त्यांचा पुजारी. दोघांनाही बरं वाटतं."

जानेवारीत सहलीचा पहिला कार्यक्रम झाला. नागपूरहून एक मोठे अधिकारी आले, सोबत त्यांची पत्नी आणि पत्नीचा धाकटा भाऊ. तो कॉलेजात शिकवत होता आणि त्याच्या गळ्यात नवा कॅमेरा होता. साहेबांनी काळा कोट घातला होता. आम्ही दहा-बारा माणसं रांगेने निघालो. वाटाड्याला नवीन शर्ट मिळाला होता, त्याच्या घड्या तशाच होत्या.

सागापाशी त्याने सांगितलं, "इथं पायतण काढा." मोठ्या साहेबांनी काढले. बाईंनी काढले. बरोबरच्या दोन-तीन जणांनी काढल्यासारखं केलं. कॅमेऱ्यावाला भाऊ म्हणाला, "मला सर्दी आहे," आणि बूट घालूनच पुढे आला. वाटाड्या त्याच्या बुटांकडे पाहून काही बोलला नाही. साहेबही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

दगडांच्या ओळीपाशी उभं राहून त्याने गोष्ट सांगितली. एक शब्द चुकला नाही. 'परतिक्षा'सुद्धा त्या दिवशी प्रतीक्षा झाली. ऊन उतरत होतं, कातळ रंग धरत होता आणि तो गवळी राजाच्या कन्येविषयी बोलत होता. मोठ्या साहेबांच्या पत्नीचे डोळे भरून आले. आमच्या साहेबांनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली.

गोष्ट संपायच्या आधीच तो भाऊ ओळ ओलांडून गेला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे वाटाड्याकडे बघत होते. दिसला तेव्हा तो कातळाच्या मागच्या खाचेतून अर्ध्यावर चढला होता. मग वर उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि ओरडला, "काय देखावा आहे!" त्याने वरून आमचा फोटो घेतला.

वाटाड्याने 'ती लाजून' एवढं म्हटलं आणि तो थांबला. वळला. कातळाकडे पाठ करून तो खाली जमिनीवर बसला आणि हात मांडीवर ठेवून समोरच्या झाडीकडे बघत राहिला. ओरडला नाही, रडलाही नाही. लोकांना वाटलं गोष्टीतच असं आहे. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्याला उठवा. शेवटचा परिच्छेद राहिलाय."

मी त्याच्याजवळ जाऊन वाकले. "भाऊ?"

"आता नाई होत, बाई."

"मी त्याला खाली बोलावते."

"आता खाली येऊन काय होते?"

मोठ्या साहेबांच्या पत्नीला मात्र काहीतरी कळलं असावं. त्या वाटाड्याकडे बघत होत्या. मग त्या पुढे झाल्या आणि भावाला एकदम करड्या आवाजात म्हणाल्या, "उतर खाली. आत्ताच्या आत्ता." तो हसत उतरला. घसरला, एक गुडघा खरचटला, पण काही विशेष लागलं नाही. बाई परत आल्या आणि वाटाड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले. त्यानेही बसल्या बसल्या हात जोडले.

परतताना तो पुढे चालला आणि आम्ही मागे. त्या दिवशी त्याने कुठलंही झाड दाखवलं नाही.

पुढचं मला नर्सबाईंच्या पत्रातून कळलं. गावाने त्याला बोलावलं. तूच लोकांना घेऊन गेलास, तर दोष तुझा, असं ठरलं. भूमक्याने कातळापाशी जाऊन पूजा घातली, त्यासाठी वाटाड्याला आपल्या घरचं कोंबडं द्यावं लागलं, आणि आठ दिवस त्याच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही. त्याची बायको नर्सबाईंकडे येऊन बोलली होती. तिचं म्हणणं, नवऱ्याने सरकारचा शर्ट परत करावा. त्याने तो धुऊन विश्रामगृहात नेऊन दिला.

सहल बंद पडली. साहेब अस्वस्थ होते. पुस्तिका छापून आली होती, तिच्या पहिल्या पानावर त्या भावाने खालून घेतलेला कातळाचा फोटो होता, जरा धूसर, आणि सहलच नव्हती. ते मला म्हणाले, "तो माणूस चढणार हे मला कसं कळणार?" मी म्हटलं, "बुटांबद्दल बोलायला हवं होतं." मी साहेबांना उलट बोललेलं तेवढंच वाक्य, आणि ते मी स्वतःलाही म्हणत होते.

दोन-तीन महिन्यांनी खानसाम्याचा निरोप आला, तो कचेरीच्या भाषेत मीच टाइप केला: सदर इसम पुन्हा वाटाड्याचे काम करण्यास राजी आहे. त्याने वाट बदलली असून ती आधीपेक्षा सोयीची आहे. चालण्याचे अंतर निम्म्याने कमी झाले आहे. साहेबांना आनंद झाला. अंतर कमी झाल्याने म्हाताऱ्या माणसांनाही जाता येईल, असं त्यांनी वर लिहून कळवलं. वाट बदलून पोचायचं ठिकाण तेच कसं राहिलं, हे कुणी विचारलं नाही. माझ्याही डोक्यात ते आलं नाही. माझं त्या आठवड्यात लग्न ठरत होतं.

लग्नानंतर मी बदली मागून अकोल्याला आले. नवरा शाळेत विज्ञान शिकवत असे. साहेबही पुण्याला बदलून गेले. दिवस कचेरीचे आणि घरचे असे सारखे जात होते. पाच वर्षांनी दिवाळीच्या सुटीत नवरा, नणंद आणि मी चिखलदऱ्याला गेलो. नणंदेला तिथली कॉफीची झाडं बघायची होती. विश्रामगृहाच्या भिंतीवर पाटी होती: सूर्यास्त सहल, लाजरी शिळा.

वाटाड्या तोच होता. केस पिकले होते आणि अंगावर लोकरी कोट होता. मला त्याने ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. आम्ही पंधरा-एक जण होतो, त्यात तीन-चार लहान मुलं. रस्त्यापासून थोडं चाललो आणि लगेच एका कड्यावर पोचलो. तिथे एक कातळ होता. मोठाच होता. समोर खोल दरी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, सूर्य अगदी समोर. देखावा म्हणून तो आधीच्या जागेपेक्षा सरसच. पण वाटेत वाकडा साग लागला नव्हता, दगडांची ओळ नव्हती आणि कुणी आम्हाला चपला काढा म्हटलं नव्हतं.

तो गोष्ट सांगू लागला. ती आता लांबली होती. राजकन्येला एक मैना मिळाली होती, वाघाला एक डोळा नव्हता, आणि शिकाऱ्याची आई म्हणून एक म्हातारी आली होती, तिच्या बोलण्यावर लोक हसत होते. साहेबांनी ऐकली असती तर त्यांनी एकदोन ठिकाणी डोळे मिटले असते, पण गोष्ट सुधारली होती यात शंका नाही. मुलं कातळावर चढत होती, घसरत होती. तो त्यांना म्हणाला, "पोरायहो, त्या बाजूनं जाऊ नका, दरी हाये." बस, तेवढंच.

सूर्य गेला. कातळ थोडा तांबूस झाला, फार नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, खरंच लाजली गं."

लोक पुढे गेल्यावर मी मागे राहिले. तो माझ्याकडे आला.

"बाई, वळखलं काय?"

"तुम्हाला ओळखलं," मी म्हटलं. "ह्याला नाही ओळखलं."

तो हसला. मी त्याला कधी हसताना पाहिलं नव्हतं. पुढचे दोन दात पडले होते.

"हाबी चांगला हाये. याले आमच्यात कोनी मानत नाई. पोरं चढली तरी चालते."

"गावाला माहीत आहे?"

"गावानंच ठरवलं. भूमकाच म्हने, तुले सरकारची नोकरी पाह्यजे, सरकारले दगड पाह्यजे. दगडाले काय तोटा हाये?"

"आणि तो?"

"तो हाये न. जिथं होता तिथंच हाये." मग आवाज खाली करून तो म्हणाला, "तुमाले जाचं हाये काय? तुमी पायतण काढून आल्या होत्या. उद्या सकाळी नेतो."

मला जायचं होतं. पण नवरा वाटेवर थांबून हाक मारत होता, नणंद होती. मी एकटी सकाळी जंगलात कुठे गेले, हे सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर त्यांनाही यावंसं वाटलं असतं. मी म्हटलं, "नको, भाऊ. राहू द्या."

"बरं," तो म्हणाला. त्याने आग्रह केला नाही. मला वाटतं, त्याला ते बरं वाटलं.

पुढच्या वर्षी पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघायची होती आणि छपाई अकोल्याला होती. खात्याचा फोटोग्राफर जाऊन नवीन फोटो काढून आला. प्रुफं माझ्या टेबलावर आली तेव्हा आमचे त्या वेळचे साहेब, खानदेशाकडचे, बारकाईने काम करणारे, दोन्ही फोटो शेजारी ठेवून बसले होते.

"बाई, तुम्ही इथे गेलेल्या आहात ना?"

"तीनदा."

"मग हे बघा. जुन्या फोटोत कातळाभोवती झाडी आहे, ह्यात कडा आहे. आकारही वेगळा वाटतो. एक फोटो चुकीच्या जागेचा आहे. कुठला?"

त्यांनी शिरस्त्याप्रमाणे ते कागदावर लिहूनही काढलं होतं आणि खाली माझ्या अभिप्रायासाठी जागा सोडली होती. मी दोन्ही फोटो पाहिले. जुना धूसर होता, पण मला त्यातला खचलेला माथा ओळखू येत होता. खोटं सांगायला मला एरवी जड जाई. घरात बाबांनी ती सवय लावू दिली नव्हती. त्या दिवशी फारसा विचार करावा लागला नाही.

"जुना चुकीचा आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. मी पहिल्या सहलीला हजर होते."

"मग लेखी द्या."

मी टाइप केलं: मूळ आवृत्तीतील छायाचित्र नजरचुकीने अन्य ठिकाणचे छापले गेले होते. नवीन छायाचित्र लाजऱ्या शिळेचेच आहे. जुन्या छायाचित्राची छपाईसाठी केलेली निगेटिव्ह काचही नष्ट करावी. या यंत्राचा ळ नीट उठत होता. खाली सही केली. शेवटचं वाक्य माझ्या मनाचं होतं, ते कुणी मागितलं नव्हतं, पण साहेबांना ते योग्य वाटलं आणि त्यांनी तसा शेरा मारला. आठवड्याने छापखान्यातला माणूस काच घेऊन आला आणि त्याने ती माझ्यासमोर मागच्या अंगणात फोडली. तुकडे मी केरात टाकू दिले नाहीत, एका डब्यात भरून पुरायला लावले. तेवढं कशासाठी केलं, ते मला सांगता येणार नाही.

नवऱ्याला मी हे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे खोटं तू लिहून दिलंस." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "बरं केलंस," आणि मुलांचे पेपर तपासू लागला.

पुस्तिका निघाल्यावर नियमाप्रमाणे एक प्रत मूळ लेखकाला पाठवली. पुण्याहून आमच्या जुन्या साहेबांचं उत्तर आलं. अक्षर तसंच, तिरकं, सुरेख. मजकूर तसाच ठेवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. फोटोबद्दल त्यांनी लिहिलं होतं की आधीचा फोटो त्यांना कधीच पटला नव्हता, त्यात शिळेचा भाव उतरला नव्हता. "ह्यात मात्र ती अगदी मी त्या संध्याकाळी पाहिली तशी आहे," असं त्यांनी लिहिलं होतं, आणि 'तशी'खाली रेघ मारली होती. पत्रावर तारखेचा शिक्का मारून मी ते फायलीला लावलं.